प्रकाशशोषण-मापनातील संवेदनक्षमता : एका कल्पनेची चिकित्सा

रासायनिक पदार्थाचे अस्तित्व आणि त्याचे प्रमाण प्रकाशाच्या शोषणावरून ठरविण्याची पद्धत जुनी आहे. गेल्या शंभर वर्षांत या पद्धतीची संवेदनक्षमता इतकी वाढली आहे की, एकेकाळी टक्क्यांच्या भाषेत बोलले जात असे तेथे आज अब्जांश आणि त्याहूनही सूक्ष्म भागांची भाषा बोलली जाते. ही प्रगती निर्विवाद आहे. परंतु तिचे वर्णन ज्या शब्दाने केले जाते तो ‘संवेदनक्षमता’ हा शब्द मात्र तितका निर्विवाद नाही. निरनिराळे लेखक तो निरनिराळ्या अर्थांनी वापरतात. त्यामुळे दोन पद्धतींची तुलना करताना वाचकाची फसगत होण्याचा संभव असतो.

या एका शब्दाखाली निदान तीन गोष्टी एकत्र केल्या जातात. पहिली म्हणजे पदार्थाची संहती बदलली असता उपकरणाच्या वाचनात किती बदल होतो, अर्थात प्रमाणन-वक्राचा चढ. दुसरी म्हणजे शोधमर्यादा. मोजमापात आपोआप मिसळणाऱ्या अनियमित चढउतारांतून, ज्यांना प्रयोगशाळेत नॉइज म्हणतात आणि पुढे ‘रव’ म्हटले आहे, निश्चितपणे ओळखता येईल असा लहानात लहान फरक म्हणजे ही मर्यादा होय. तिसरी गोष्ट याहून वेगळी आहे. जो फरक मोजला गेला तो खरोखर इष्ट पदार्थामुळेच पडला आहे काय, हा तो प्रश्न. पहिल्या दोन बाबतींत झालेल्या सुधारणेचे आकडे सहज देता येतात, म्हणून ते दिले जातात. तिसऱ्या बाबीचा आकडा देणे अवघड असते, म्हणून ती पुष्कळदा वगळली जाते. वस्तुतः मापनाची योग्यता शेवटी तिसऱ्या बाबीवरच अवलंबून असते. प्रमुख पद्धतींचा या दृष्टीने क्रमाने विचार केल्यास त्यांच्या गुणदोषांची मांडणी काहीशी बदलते, असे दिसून येईल.

१. नियम आणि त्यातील अडचण

प्रकाश एखाद्या माध्यमातून जात असता समान जाडीच्या प्रत्येक थरात त्याचा समान अंश लोप पावतो, हे बूगेर याने १७२९ मध्ये दाखविले. लॅम्बर्ट याने १७६० मध्ये त्यास गणिती रूप दिले आणि बेअर याने १८५२ मध्ये द्रावणांच्या बाबतीत संहतीचा संबंध जोडला. या नियमाप्रमाणे शोषण अल्प असेल तेव्हा लोप पावलेल्या प्रकाशाचा अंश हा शोषणांक, संहती आणि मार्गाची लांबी यांच्या गुणाकाराइतका असतो. नियम इतका सोपा असल्यामुळे पद्धतही सोपी वाटते.

अडचण निराळ्या ठिकाणी आहे. शोषण हे प्रत्यक्ष मोजले जात नाही. पदार्थ नसताना पोहोचलेला प्रकाश आणि पदार्थ असताना पोहोचलेला प्रकाश यांची वजाबाकी करून ते काढले जाते. लक्षांश शोषण मोजावयाचे म्हणजे १,००,००० या मोठ्या संख्येची ९९,९९९ झाली आहे हे ओळखावयाचे. दिव्याची तीव्रता हजारात एक इतकीच जरी हलली, तरी ती हालचाल इष्ट फरकाच्या शंभरपट होते. दोन मोठ्या आणि जवळजवळ सारख्या राशींमधील अंतर मोजण्याचा हा दोष पद्धतीच्या मुळाशीच आहे. संवेदनक्षमता वाढविण्याचे सर्व प्रयत्न म्हणजे या दोषाला दिलेली निरनिराळी उत्तरे होत.

हा दोष किती कमी करता येईल याला निसर्गानेच एक सीमा घालून दिली आहे. तांबड्या रंगाच्या एक मिलिवॅट प्रकाशात दर सेकंदाला सुमारे तीन हजार लक्ष कोटी प्रकाशकण असतात. ते स्वतंत्रपणे येत असल्यामुळे त्यांच्या संख्येत तिच्या वर्गमुळाइतकी अनिश्चितता राहतेच. ती काढली असता एका सेकंदाच्या मापनात सुमारे पाच कोटींत एक इतका फरक तत्त्वतः ओळखू यावा. याउलट सामान्य वर्णपटमापकात प्रत्यक्षात साधणारी अचूकता हजारात एक ते दहा हजारांत एक इतकीच असते. निसर्गाने दिलेली सवलत आणि प्रयोगशाळेत पदरी पडणारे फळ यांत हजारो पटींचे अंतर आहे. हे अंतर कशामुळे पडते, याचा शोध म्हणजेच या विषयाचा इतिहास होय.

येथे पाठ्यपुस्तकांतील एका सर्वमान्य नियमाची तपासणी करणे आवश्यक आहे. शोषकता ०.४३४ असेल, म्हणजे सुमारे ३७ टक्के प्रकाश पार जात असेल, तेव्हा संहतीतील सापेक्ष त्रुटी किमान असते, असे विद्यार्थ्यांना शिकविले जाते. हा निष्कर्ष पारगत प्रकाशाच्या मोजमापातील त्रुटी सर्वत्र सारखीच असते या गृहीतकावर उभा आहे. जुन्या उपकरणांत, जेथे गॅल्व्हानोमीटरच्या काट्याचे वाचन हीच मुख्य त्रुटी होती, तेथे ते गृहीतक योग्य होते. जेथे प्रकाशकणांच्या संख्येतील अनिश्चितता प्रधान असते तेथे त्रुटी प्रकाशाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते आणि किमान त्रुटीची शोषकता ०.८७ च्या जवळ येते. शिवाय उपकरणात भरकटलेला प्रकाश असेल तर मोठी शोषकता मुळीच विश्वासार्ह राहत नाही. असा प्रकाश हजारात एक भाग असला, तरी खरी शोषकता ३ असताना वाचन २.७ येते. तेव्हा नियम खोटा नाही, परंतु त्याच्या अटी विसरल्या गेल्या आहेत. कोणती त्रुटी प्रधान आहे हे ठरविल्यावाचून उत्कृष्ट परिस्थिती कोणती हे सांगता येत नाही.

२. मार्गाची लांबी

पहिले आणि सर्वांत स्वाभाविक उत्तर म्हणजे प्रकाशाचा मार्ग लांबविणे. व्हाइट याने १९४२ मध्ये सारख्याच वक्रतात्रिज्येच्या तीन अंतर्वक्र आरशांची रचना सुचविली. तीत प्रकाशकिरण न पसरता अनेकदा मागेपुढे जातो आणि लहानशा नळीत फार मोठा मार्ग सामावतो. १९५० च्या दशकात लॉस एंजेलिस येथील धुरकट हवेच्या रसायनाचा उलगडा करताना अशा लांब मार्गाच्या अवरक्त मापनाने मोलाचे साहाय्य केले. डोळ्यांची आग करणाऱ्या परॉक्सिॲसिटिल नायट्रेटची ओळख या मापनामुळे पटली. पुढे १९६० च्या दशकात हेरियट याने दोनच आरशांची रचना मांडली आणि ती लेझरकिरणांसाठी विशेष सोयीची ठरली.

या पद्धतीचे यश मान्य करूनही तिची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक परावर्तनात प्रकाशाचा काही अंश नष्ट होतो. आरसा ९८ टक्के प्रकाश परावर्तित करीत असेल तर पन्नास परावर्तनांनंतर सुमारे ३६ टक्केच प्रकाश शिल्लक राहतो. यापुढे मार्ग लांबवीत गेल्यास मिळणारा लाभ घटणाऱ्या प्रकाशाबरोबर निघून जातो. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मार्ग लांबविल्याने वजाबाकी चुकत नाही. लक्षांशाऐवजी सहस्रांश फरक मोजावयाचा असतो, एवढेच काय ते घडते. दिव्याची हालचाल, आरशांवरील धूळ आणि किरणाचे सरकणे ही पूर्वीप्रमाणेच फरकात मिसळतात. किंबहुना परावर्तने वाढली की किरणाच्या अल्प सरकण्याचा परिणामही वाढतो. हवेतील इतर वायूंचे शोषणही त्याच प्रमाणात वाढते. पाण्याच्या वाफेच्या रेषा अवरक्त भागात सर्वत्र पसरलेल्या असल्यामुळे इष्ट रेषा उजळ होत असता अनिष्ट रेषाही उजळ होतात. म्हणून लांब मार्गाने उपरोक्त पहिल्या अर्थाची संवेदनक्षमता निश्चित वाढते, दुसऱ्या अर्थाची काही अंशी वाढते आणि तिसऱ्या अर्थाची वाढतेच असे नाही.

३. तीव्रतेऐवजी काल

ओकीफ आणि डीकन यांनी १९८८ मध्ये मांडलेली रिंग-डाउन पद्धत हे दुसऱ्या जातीचे उत्तर आहे. अत्युत्तम परावर्तन करणारे दोन आरसे समोरासमोर ठेवून त्यांमधील पोकळीत प्रकाशाचा एक स्पंद सोडावयाचा आणि मागील आरशातून झिरपणारा प्रकाश किती काळात विझतो हे मोजावयाचे. पोकळीत शोषक वायू असेल तर प्रकाश लवकर विझतो. या पद्धतीने त्यांनी ऑक्सिजनच्या अतिक्षीण शोषणपट्ट्यांची नोंद केली.

पोकळीची लांबी ५० सेंटिमीटर आणि आरशांची परावर्तनक्षमता ९९.९९ टक्के धरली तर प्रत्येक फेऱ्यात दहा हजारांत एक भाग प्रकाश कमी होतो. तीव्रता मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येण्यास १७ मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढ्या अवधीत प्रकाश पाच किलोमीटर प्रवास करतो. हा काल हजारात एक इतक्या अचूकतेने मोजता आला तर दर फेऱ्यास कोटीत एक इतके शोषण कळून येते. त्याच ५० सेंटिमीटर नळीतून प्रकाश एकदाच पाठवून तीव्रता हजारात एक इतक्या अचूकतेने मोजली असती, तर याच्या दहा हजारपट शोषण असल्यावाचून ते दिसले नसते.

या लाभाचे श्रेय सामान्यतः पाच किलोमीटरच्या मार्गाला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. पद्धतीचा खरा गुण असा की, तिच्यात स्पंदाच्या मूळ तीव्रतेचा प्रश्नच उरत नाही. स्पंद मोठा असो वा लहान, तो विझण्याचा काल तोच राहतो. लेझरची जी हालचाल तीव्रतेच्या मापनात प्रधान त्रुटी होती ती येथे तत्त्वतः बाहेर पडते. हे मार्ग लांबविणे नव्हे, तर मोजावयाची राशीच बदलणे होय.

तथापि वजाबाकी येथेही संपलेली नाही, तिने केवळ स्थान बदलले आहे. मोजलेला काल हा एकूण नाशाचा काल असतो. त्या नाशात आरशांचा भाग, वायूच्या शोषणाचा भाग आणि हवेतील धूलिकणांमुळे विखुरलेल्या प्रकाशाचा भाग हे सर्व एकत्र असतात. वर घेतलेल्या उदाहरणात आरशावर सूक्ष्म थर बसून परावर्तनक्षमता केवळ लक्षांत एक इतकी घटली, तर एकूण नाश दहा टक्क्यांनी वाढतो आणि निष्काळजी निरीक्षक ते शोषण म्हणून नोंदवितो. ते कल्पित शोषण शोधमर्यादेच्या शंभरपट असते. म्हणून रेषेवर आणि रेषेबाहेर अशी आलटून पालटून मापने घेऊन रिकाम्या पोकळीचा नाश वारंवार ठरवावा लागतो. रिंग-डाउन पद्धतीला प्रमाणनाची गरज नसते हे विधान पुष्कळदा आढळते. पोकळीचा नाश आणि रेषेचा शोषणांक अन्य मार्गाने ठाऊक असतील तरच ते खरे आहे.

४. वारंवारता आणि ध्वनी

तिसरे उत्तर रवाच्या स्वरूपाच्या अभ्यासातून निघाले. दिवे, लेझर आणि विद्युतमंडले यांचा रव कमी वारंवारतेला सर्वाधिक असतो. संथ मापनात तो सर्व मिसळतो. म्हणून प्रकाशाची तरंगलांबी शोषणरेषेवरून ठराविक वारंवारतेने मागेपुढे हलवावयाची आणि त्या वारंवारतेचाच प्रतिसाद वेचून घ्यावयाचा, ही मॉड्युलेशनची पद्धत रूढ झाली. ब्योर्क्लुंड याने १९८० मध्ये ही कल्पना रेडिओ-वारंवारतेपर्यंत नेली. या पद्धतीत रुंद आणि सपाट पार्श्वभूमी आपोआप गळून पडते, कारण ती तरंगलांबीबरोबर बदलत नाही. मात्र खिडक्या आणि भिंगे यांच्या पृष्ठभागांमधील परावर्तनांमुळे उत्पन्न होणारे व्यतिकरण-पट्टे तरंगलांबीबरोबर बदलतात आणि तापमानाबरोबर सरकतात. प्रकाशकणांच्या रवाची सीमा गाठण्यापूर्वीच बहुतेक उपकरणे या पट्ट्यांपाशी अडतात. पट्टा हा रव नव्हे. तासभर सरासरी घेतली तरी तो नाहीसा होईलच असे नाही. म्हणून एका सेकंदाची शोधमर्यादा देऊन ती कालाच्या वर्गमुळाने सुधारेल असे गृहीत धरणे अनेकदा असमर्थनीय ठरते.

ये, मा आणि हॉल यांनी १९९८ मध्ये अनुनादी पोकळी आणि रेडिओ-वारंवारतेचे मॉड्युलेशन यांचा संयोग करून, एका सेकंदात दर सेंटिमीटरला दहाच्या उणे चौदाव्या घाताइतके शोषण कळू शकेल अशी मर्यादा गाठली. ड्यूटेरियमयुक्त ॲसिटिलीनच्या एका क्षीण रेषेवर हे काम झाले. प्रकाशकणांच्या सीमेजवळ जाता येते याचा तो निर्णायक पुरावा होय. परंतु हा आकडा काळजीपूर्वक निवडलेल्या एका रेषेचा आणि शुद्ध, कमी दाबाच्या वायूचा आहे. खुल्या हवेतील मिश्रणासाठी तो जसाच्या तसा उद्धृत करणे म्हणजे त्या संशोधकांनी न केलेला दावा त्यांच्या नावावर घालणे होय.

वजाबाकी टाळण्याचा सर्वांत सरळ मार्ग मात्र याहून जुना आहे. खंडित प्रकाश पडला असता पदार्थातून ध्वनी निघतो हे बेल याने १८८० मध्ये पाहिले होते. शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते, वायू प्रसरण पावतो आणि दाबाची लहर उठते. शोषण नसेल तर ध्वनी नाही. येथे उरलेला प्रकाश मोजलाच जात नाही, म्हणून मोठ्या संख्यांची वजाबाकीही नाही. धूलिकणांनी विखुरलेला प्रकाश तापत नाही, म्हणून तोही बहुतांशी बाहेर राहतो. लेझरच्या साहाय्याने या पद्धतीचे पुनरुज्जीवन क्रॉइझर याने १९७१ मध्ये केले आणि २००२ मध्ये घड्याळातील क्वार्ट्झचा चिमटा मायक्रोफोनऐवजी वापरला जाऊ लागला. तत्त्वाच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष वाटते. परंतु नळीच्या खिडक्या आणि भिंतीही थोडा प्रकाश शोषतात आणि त्याच वारंवारतेचा ध्वनी देतात. शून्य पार्श्वभूमीची पद्धत म्हणून जिचा गौरव होतो तिलाही आपले शून्य प्रयोगाने ठरवावे लागते.

५. शून्याचा प्रश्न

येथवरच्या विवेचनातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. प्रत्येक पद्धती पूर्वीच्या पद्धतीतील एक अनिश्चितता दूर करते आणि ‘पदार्थ नसताना वाचन किती?’ हा प्रश्न नव्या रूपात मागे ठेवते. हा प्रश्न केवळ उपकरणाचा नाही, नमुन्याचाही आहे. त्याची उपेक्षा झाल्यास काय घडते, याचे उदाहरण प्रकाशमापनाबाहेरील असले तरी येथे विचारात घेण्यासारखे आहे.

सेटल आणि पॅटर्सन यांनी १९८० मध्ये अल्बाकोर जातीच्या ट्यूना माशातील शिशाचे मापन प्रसिद्ध केले. अतिस्वच्छ प्रयोगशाळेत समस्थानिक-विरलन आणि वस्तुमान-वर्णपटमापन यांच्या साहाय्याने त्यांना ताज्या मासात दर ग्रॅमला ०.३ नॅनोग्रॅम शिसे आढळले. शिशाचे डाख दिलेल्या डब्यातील मासात ते १,४०० नॅनोग्रॅम होते. एका शासकीय प्रयोगशाळेने ताज्या माशासाठी ४०० आणि डब्यातील माशासाठी ७०० असे आकडे दिले होते. डब्यामुळे शिसे चार हजारपटींहून अधिक वाढत असता ते दुपटीहूनही कमी वाढते, असे त्या आकड्यांवरून दिसत होते. डबाबंद अन्न खाणाऱ्या लोकांच्या आरोग्याशी या आकड्यांचा प्रत्यक्ष संबंध होता. चारशे नॅनोग्रॅम वाचू शकणाऱ्या उपकरणाला संवेदनक्षमतेची वाण नव्हती. चूक शून्यात होती. नमुन्याबरोबर पात्रे, अभिकारके आणि हवा यांतील शिसेही मोजले जात होते. असे उपकरण दहापट संवेदनक्षम केले असते तर तीच चूक दहापट सुबकपणे नोंदली गेली असती.

याच्या उलट बाजूचे उदाहरण प्रकाशशोषणाच्याच क्षेत्रात सापडते. कीलिंग याने १९५८ मध्ये हवाई बेटांतील मौना लोआ येथे कार्बन डायऑक्साइडचे मापन सुरू केले. त्याचे अवरक्त शोषणमापक त्या काळच्या मानानेही काही अपूर्व नव्हते. अपूर्व होती ती व्यवस्था. हवेतील पाण्याची वाफ गोठवून काढली जाई, ठराविक अवधीने प्रमाणित वायू उपकरणातून सोडले जात, आणि त्या प्रमाणित वायूंचे मूल्य दाबमापनाच्या स्वतंत्र पद्धतीने ठरविले जाई. त्यामुळे दशलक्षांत सुमारे ३१५ भाग असलेल्या वायूत ऋतूंबरोबर होणारी काही भागांची चढउतार आणि वर्षाला एका भागाहूनही कमी असलेली वाढ निःसंशय दिसली. त्या स्थानकावरील अमेरिकी शासनाच्या नोंदीसाठी २०१९ पासून रिंग-डाउन उपकरण वापरले जाऊ लागले. परंतु प्रमाणित वायूंची व्यवस्था त्यानंतरही कायम राहिली. उपकरण बदलले तरी साठ वर्षांची नोंद अखंड राहू शकली ती या व्यवस्थेमुळेच.

आधुनिक प्रयत्नांपैकी फ्लॉरेन्स येथील संशोधकांनी २०१० नंतर केलेले किरणोत्सर्गी कार्बनाचे मापन या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. निसर्गातील सजीव कार्बनात या समस्थानिकाचे प्रमाण लक्ष कोटीत सुमारे एका अणूइतकेच असते आणि त्याच्या मापनासाठी एरवी कणवेगवर्धक लागतो. त्यांनी पोकळीतील प्रकाश इतका तीव्र ठेवला की, आरंभी वायूचे शोषण संपृक्त होऊन जवळजवळ नाहीसे होते आणि प्रकाश विझत जाईल तसे ते परत येते. त्यामुळे विझण्याच्या एकाच वक्रातून आरशांचा नाश आणि वायूचे शोषण हे दोन्ही वेगळे करता येतात. त्याशिवाय नमुना थंड करून शेजारच्या रेषांचा उपद्रवही कमी केला जातो. या पद्धतीचे वैशिष्ट्य तिच्या आकड्यापेक्षा या रचनेत आहे. तिसऱ्या विभागात सांगितलेला दोष, म्हणजे रिकाम्या पोकळीचे वाचन वेगळ्या वेळी घ्यावे लागणे, येथे मुळातूनच दूर झाला आहे. प्रत्येक मापन आपले शून्य आपल्याबरोबर आणते.

६. निष्कर्ष

संवेदनक्षमतेची वाढ ही मार्गाच्या लांबीची वाढ नव्हे आणि रवाची घटही नव्हे. मोठा मार्ग आणि अल्प रव ही साधने आहेत. त्यांचे फळ शून्य किती निश्चितपणे ठाऊक आहे यावर अवलंबून असते. ज्या सुधारणांनी शून्याची निश्चिती वाढविली त्या टिकल्या. ज्यांनी केवळ प्रतिसाद वाढविला त्यांना दुसऱ्या कोणत्या तरी सुधारणेची वाट पाहावी लागली.

यावरून संशोधन-निबंधांच्या परीक्षणासाठी काही कसोट्या निघतात. दर सेंटिमीटरचे किमान शोषण देणाऱ्या लेखकाने ते कोणत्या वायूत, कोणत्या दाबाला आणि किती वेळाच्या सरासरीने मिळाले हे सांगावे. त्या अवधीपलीकडे सरासरी घेतल्यास सुधारणा चालू राहते की थांबते, हे दाखवावे. कोऱ्या नमुन्याची मापने इष्ट नमुन्याच्या मापनांइतकीच वारंवार घ्यावी आणि त्यांचा विखार निबंधात द्यावा. मिश्रणात अपेक्षित असलेला दुसरा शोषक मुद्दाम मिसळून वाचन किती हलते हे तपासावे. आणि शक्य असेल तेथे एकाच नमुन्याचे मापन भिन्न तत्त्वावरील दुसऱ्या पद्धतीने करून पाहावे. या कसोट्यांना महागडी उपकरणे लागत नाहीत. पदव्युत्तर विभागातील साध्या वर्णपटमापकावरही त्या पाळता येतात, आणि त्या पाळून मिळालेला दशलक्षांश भागाचा आकडा त्या न पाळता मिळालेल्या अब्जांश भागाच्या आकड्यापेक्षा अधिक मोलाचा ठरतो.